फर्स्ट पीस : अ‍ॅप बनवायचं सेटिंग बसलंय की नाही, ते कसं तपासायचं

माझे काका बेळगावच्या उद्यमबागेतल्या एका कारखान्यात लेथवर होते. नवा जॉब आला की आधी सेटिंग लावायचं, मग एकच पीस काढायचा, व्हर्नियर लावून त्याची मापं घ्यायची आणि तो पास झाला तरच पुढचे दोनशे काढायचे. या पहिल्या नगाला तिथं 'फर्स्ट पीस' म्हणतात. मशीन कितीही भारी असू दे, माप पिसाचं घ्यायचं, असं काकांचं म्हणणं.

रविवारी वडगावातल्या माझ्या खोलीवर अ‍ॅप शिकायला पोरं येतात. कुणी खानापूरकडचं, कुणी निपाणीचं, एकदोघं चंदगडहून एसटीनं येणारी. पहिल्या दिवशी हमखास एक वाक्य ऐकू येतं : "दादा, सगळं इन्स्टॉल केलंय की ओ, पण चालंना." त्यांचं खोटं नसतं. इन्स्टॉल सगळं झालेलंच असतं, पण पीस काढून बघितलेला नसतो. हा लेख तो पीस काढून बघण्यापुरता आहे. इन्स्टॉल कसं करायचं ते इथं सांगत बसणार नाही.

मी धरून चालतो की तुमच्याकडं विंडोजचा लॅपटॉप आहे, हातात अँड्रॉइड फोन आहे आणि अ‍ॅप बनवायला तुम्ही फ्लटर हे साधन निवडलंय. रिअ‍ॅक्ट नेटिव्ह किंवा नुसतं कोटलिन घेतलं असेल तरी फोन, जावा आणि ग्रेडलचा (कोड जोडून अ‍ॅप बांधणारं साधन) भाग जवळपास तोच. आयफोनचं अ‍ॅप बनवायला एक्सकोड लागतो आणि तो फक्त मॅकवर चालतो, तेव्हा विंडोजवाल्यांनी तो विषय सध्या सोडून द्यावा.

एक सूचना. कमांड मी उच्चाराप्रमाणं देवनागरीत लिहिल्यात. टर्मिनलमध्ये, म्हणजे कमांड द्यायच्या खिडकीत, त्या इंग्रजी अक्षरांत, सगळ्या लहान लिपीत टाइप करायच्या. 'डॅश डॅश' म्हणजे दोन आडव्या रेघा, मध्ये जागा न सोडता.

पायरी १ : टर्मिनलला फ्लटर सापडतंय का

स्टार्टमध्ये जाऊन कमांड प्रॉम्प्ट उघडा आणि 'फ्लटर डॅश डॅश व्हर्जन' द्या. आवृत्तीचा आकडा आला तर पुढं चला. 'नॉट रेकग्नाइज्ड' असं काही आलं तर पाथमध्ये (विंडोज कमांड जिथं शोधतं त्या फोल्डरांच्या यादीत) फ्लटरच्या 'बिन' फोल्डरचा पत्ता गेलेला नाही, किंवा गेलाय पण तुम्ही जुनीच खिडकी उघडी ठेवलीय. पाथ बदलला की आधीपासून उघड्या असलेल्या टर्मिनलला ते कळत नाही. कोड लिहायचा एडिटर, व्हीएस कोड, उघडा असेल तर तोही पूर्ण बंद करून पुन्हा उघडा. निम्मी पोरं इथंच अडकतात आणि सगळं काढून परत इन्स्टॉल करत बसतात.

मग 'व्हेअर फ्लटर' द्या. ही कमांड पॉवरशेलमध्ये चालत नाही, तिथं 'व्हेअर' या शब्दाचा अर्थच वेगळा आहे, म्हणून कमांड प्रॉम्प्टच घ्या. एकाच फोल्डरच्या दोन ओळी आल्या तर ते बरोबर आहे, तिथं एकाच नावाच्या दोन फाइली असतात. पण दोन वेगळे फोल्डर दिसले तर कधीतरी आधी कुणीतरी टाकलेली जुनी प्रत लपून बसलीय. ती काढा. सेकंडहँड लॅपटॉपवर हे फार दिसतं.

आता फोल्डरच्या नावाचं. आपल्याकडच्यांना हा त्रास जरा जास्तच होतो, म्हणून इथं थांबतो. गेल्या पावसाळ्यात नंदगडची एक मुलगी लॅपटॉप घेऊन आली. घरच्यांनी मोठ्या कौतुकानं विंडोजच्या खात्याला तिचं नाव मराठीत दिलेलं. दिसायला झकास. पण विंडोज त्या खात्याच्या नावानं फोल्डर बनवतं आणि अँड्रॉइडचं सगळं सामान डिफॉल्टनं त्याच फोल्डरात जाऊन बसतं. बिल्ड, म्हणजे कोडमधून अ‍ॅप बांधणं, सुरू झालं की अँड्रॉइडचं साधन कुरकुरायला लागतं : पत्त्यात 'नॉन आस्की' अक्षरं आहेत, विंडोजवर हे बहुतेक फसणार. देवनागरी अक्षरं, कन्नड अक्षरं, सगळी त्यातच आली. नावात रिकामी जागा असली तरी काही साधनं रुसतात.

कंट्रोल पॅनलमधून खात्याचं नाव बदललं तर स्वागताच्या पडद्यावरचं नाव बदलतं, फोल्डरचं तेच राहतं. सरळ उपाय म्हणजे इंग्रजी अक्षरांत, एका शब्दाचं नवं खातं काढायचं आणि काम त्यात करायचं. तिनं तसंच केलं, मराठी नावाचं खातं घरच्यांसाठी ठेवलं. प्रोजेक्ट आणि फ्लटर दोन्ही सी ड्राइव्हवर छोट्या नावाच्या फोल्डरात ठेवा, उदाहरणार्थ 'डेव्ह'. फ्लटर 'प्रोग्राम फाइल्स'मध्ये टाकू नका, तिथं लिहायला दर वेळी अ‍ॅडमिनची परवानगी लागते. ड्राइव्हवर तीसेक जीबी जागा मोकळी असू द्या.

पायरी २ : डॉक्टरचा रिपोर्ट, आणि त्यावर किती विश्वास ठेवायचा

'फ्लटर डॉक्टर' द्या. ओळींपुढं तीन प्रकारच्या खुणा येतात : बरोबर, उद्गारचिन्ह, फुली. पोरांचा समज असा की सगळं हिरवं झालंच पाहिजे. तसं नाही. 'व्हिज्युअल स्टुडिओ'पुढं फुली दिसली तर सोडून द्या, ते विंडोजचं डेस्कटॉप अ‍ॅप बनवणाऱ्यांसाठी आहे. नाव सारखं असलं तरी व्हीएस कोड वेगळा. एकानं ती एक फुली घालवायला रात्रभर कित्येक जीबी डाउनलोड केले होते आणि सकाळी अ‍ॅप जिथल्या तिथंच. क्रोमची ओळही फोनच्या अ‍ॅपला आड येत नाही.

तुमची ओळ एकच : अँड्रॉइड टूलचेन. तिथं नेहमी दोन तक्रारी येतात. 'कमांडलाइन टूल्स मिसिंग' असेल तर अँड्रॉइड स्टुडिओत एसडीके (अँड्रॉइडचं अ‍ॅप बांधायचं सामान) मॅनेजर उघडा, 'एसडीके टूल्स' टॅबवर जाऊन 'अँड्रॉइड एसडीके कमांडलाइन टूल्स'वर टिक करा. लायसन्सची तक्रार असेल तर 'फ्लटर डॉक्टर डॅश डॅश अँड्रॉइड डॅश लायसन्सेस' द्या आणि विचारेल तितक्या वेळा 'वाय' दाबत जा. क्रम हाच. कमांडलाइन टूल्स नसतील तर लायसन्सची कमांडच चालत नाही.

मग 'फ्लटर डॉक्टर डॅश व्ही' द्या, म्हणजे तपशील येतो. त्यात जावाची आवृत्ती लिहिलेली ओळ शोधा. अँड्रॉइडच्या ग्रेडल प्लगइनची ८.० आवृत्ती २०२३ साली आली, तेव्हापासून किमान जावा १७ लागतो. अँड्रॉइड स्टुडिओबरोबर त्याचा स्वतःचा जावा येतो आणि फ्लटर तोच आधी धरतं, म्हणून वेगळा टाकायची गरज सहसा नसते. पण डिप्लोमाच्या लॅबसाठी जावा ८ टाकून ठेवलेला असतो, जावा होम (कुठला जावा घ्यायचा ते सांगणारं सेटिंग) त्याच्याकडं बोट दाखवत असतं, आणि रिअ‍ॅक्ट नेटिव्हवाल्यांचा तिथं घात होतो. 'अनसपोर्टेड क्लास फाइल मेजर व्हर्जन' असं लिहून पुढं आकडा आला तर तो वाचायला शिका : ५२ म्हणजे जावा ८, ६१ म्हणजे जावा १७, ६५ म्हणजे जावा २१. म्हणजे भांडण कुणाकुणात आहे ते लगेच कळतं.

'नेटवर्क रिसोर्सेस'पुढं फुली आली आणि बाकी नेट चालत असेल, तर आधी घड्याळ बघा. थट्टा नाही. जुन्या डेस्कटॉपच्या बोर्डावरचा बटणासारखा सेल संपला की दर वेळी चालू करताना तारीख मागं जाते. तारीख चुकली की वेबसाइटची प्रमाणपत्रं कॉम्प्युटरला खोटी वाटतात आणि डाउनलोड नाकारले जातात. पन्नास रुपयांच्या आत मिळणाऱ्या सेलपायी आम्ही दोन तास घालवलेत. कॉलेजच्या लॅबमध्ये असाल तर प्रॉक्सी, म्हणजे तिथलं नेट ज्यातून जातं तो मधला कॉम्प्युटर, हे दुसरं कारण. ग्रेडलला प्रॉक्सीचा पत्ता त्याच्या स्वतःच्या प्रॉपर्टीज फाइलमध्ये वेगळा द्यावा लागतो, ब्राउझरमध्ये दिलेला त्याला पुरत नाही.

आणि डॉक्टरबद्दल शेवटचं. तो सामान जागेवर आहे का एवढंच बघतो. तुमचं अ‍ॅप बांधून बघत नाही, फोनवर चढवून बघत नाही. टूलपोस्टवर टूल आहे, चक घट्ट आहे, तेलही आहे, एवढं सांगणारा माणूस तो. पीस त्यानं काढलेला नसतो.

पायरी ३ : फोन

आठ जीबी रॅमच्या लॅपटॉपवर एम्युलेटर (पडद्यावरचा नकली फोन) चालवायच्या भानगडीत पडू नका. अँड्रॉइड स्टुडिओ, क्रोम आणि एम्युलेटर एकत्र चालले की लॅपटॉपचा पंखा गिरणीसारखा वाजायला लागतो. खरा फोन वापरा. ज्यांना एम्युलेटर हवाच आहे त्यांनी टास्क मॅनेजरमध्ये परफॉर्मन्स, मग सीपीयू इथं 'व्हर्च्युअलायझेशन' एनेबल्ड आहे का ते बघावं. नसेल तर बायोसमध्ये (विंडोज सुरू व्हायच्या आधीच्या सेटिंगमध्ये) जाऊन चालू करावं लागतं. आणि जुन्या व्हिडिओंत सांगतात ते इंटेलचं हॅक्सम शोधत बसू नका, इंटेलनं ते बंद केलंय.

फोनमध्ये सेटिंग्ज, मग 'अबाउट फोन', तिथं 'बिल्ड नंबर'वर सात वेळा टकटक करा. रेडमी-पोकोवर बिल्ड नंबरच्या जागी मीयूआयच्या किंवा हायपरओएसच्या आवृत्तीवर टकटक करायची. 'डेव्हलपर ऑप्शन्स' उघडतात. त्यात 'यूएसबी डिबगिंग' चालू करा. याच फोनांत 'इन्स्टॉल व्हाया यूएसबी' नावाचा आणखी एक खटका असतो, तोही चालू करावा लागतो, आणि तो करताना फोन कंपनीचं खातं आणि आत सिम मागतो. सिम नसलेला जुना फोन टेस्टिंगला ठेवलेल्यांचं इथंच अडतं.

आता केबल लावा आणि 'फ्लटर डिव्हायसेस' द्या. फोनचं नाव आलं तर उत्तम. नाही आलं तर 'एडीबी डिव्हायसेस' द्या, एडीबी म्हणजे फोनशी बोलणारं अँड्रॉइडचं साधन. (ही सापडत नसेल तर अँड्रॉइड एसडीकेच्या 'प्लॅटफॉर्म टूल्स' फोल्डरात जाऊन द्या.) इथं चार शक्यता असतात.

फोनच्या क्रमांकापुढं 'डिव्हाइस' असा शब्द आला, तर जोडणी पक्की.

'अनऑथोराइज्ड' आला, तर फोनचा पडदा उघडून बघा. लॅपटॉपला परवानगी द्यायची का असं विचारणारी चौकट तिथं वाट बघत असते. 'या कॉम्प्युटरला नेहमी' वर टिक करून हो म्हणा. चौकट आलीच नाही तर डेव्हलपर ऑप्शन्समध्ये जुन्या परवानग्या रद्द करायची सोय आहे, ती वापरून केबल काढून लावा.

'ऑफलाइन' आला, तर 'एडीबी किल डॅश सर्व्हर', मग 'एडीबी स्टार्ट डॅश सर्व्हर'.

आणि यादी रिकामीच आली, तर केबल. दहातल्या सात वेळा केबलच, असं मी सवयीनं म्हणतो, मोजलेलं नाही. मागं निपाणीचा एक पोरगा दोन रविवार ड्रायव्हर शोधत होता. तिसऱ्या रविवारी मी त्याची केबल हातात घेतली, पातळ पांढरी, टोकाला चिकटपट्टी गुंडाळलेली. "ही कुठली रे?"

"पॉवर बँकेबरोबर आलेली की ओ, दादा. चार्जिंग मस्त होतंय."

चार्जिंग होणारच. अशा स्वस्त केबलींत करंटच्या दोनच तारा असतात, डेटाच्या नसतातच. फोन चार्ज होतो, लॅपटॉपला मात्र तो दिसत नाही. ओळखायची खूण सोपी आहे : केबल लावल्यावर फोनच्या नोटिफिकेशनमध्ये 'फाइल ट्रान्सफर' असा पर्याय मिळतो का? मिळत नसेल तर केबल बदला. तो गणपत गल्लीत जाऊन डेटावाली केबल घेऊन आला. दुकानदाराला 'डेटा ट्रान्सफर होणारी' असं स्पष्ट सांगायचं आणि तिथंच कुणाच्या तरी लॅपटॉपला लावून बघायचं, लाजायचं नाही.

अँड्रॉइड ११ पासून वायरलेस डिबगिंगही आहे. फोन आणि लॅपटॉप एकाच वायफायवर असले की कोड टाकून जोडता येतं. केबलचं पोर्ट सैल झालेल्या फोनांना ते वरदान, पण पहिली तपासणी केबलनंच करा. एका वेळी एकच शंका असलेली बरी.

पायरी ४ : पहिलं बिल्ड, म्हणजे धीराची परीक्षा

'डेव्ह' फोल्डरात जाऊन 'फ्लटर क्रिएट' आणि पुढं प्रोजेक्टचं नाव द्या. नाव लहान इंग्रजी अक्षरांत, दोन शब्दांत जागा न सोडता खाली रेघ. मग त्या फोल्डरात शिरून 'फ्लटर रन'.

पडद्यावर 'रनिंग ग्रेडल टास्क असेंबल डीबग' येईल आणि तिथंच थांबेल. पाच मिनिटं. पंधरा मिनिटं. नेट मंद असेल तर तास. ते अडकलेलं नसतं. ग्रेडल स्वतःला डाउनलोड करतंय, लायब्ररी आणतंय, राहिलेले एसडीकेचे भाग आणतंय, नव्या आवृत्त्यांत एनडीके नावाचा भलामोठा गठ्ठाही आणतंय. टास्क मॅनेजरमध्ये नेटवर्कचा आलेख हलतोय का बघा. हलतोय तर चहा टाका.

या वेळी खिडकी बंद करायची नाही, हे मी हात जोडून सांगतो. आपल्याकडं पावसाळ्यात जांबोटी, कणकुंबीकडं वीज कधी जाईल याचा नेम नाही आणि वीज गेली की वायफाय गेलं. अर्धवट उतरलेली फाइल पूर्ण समजून साधन पुढच्या वेळी तीच उचलतं, आणि मग येणारी एरर वाचून कुणाला वाटावं की कोडच चुकलाय. अशा दोन एरर ओळखून ठेवा.

'झिप एंड हेडर नॉट फाउंड' म्हणजे ग्रेडलची झिप अर्धी उतरलीय. तुमच्या खात्याच्या फोल्डरात 'डॉट ग्रेडल' आहे, त्यात 'रॅपर', त्यात 'डिस्ट्स'. तिथला त्या आवृत्तीचा फोल्डर उडवा आणि पुन्हा 'फ्लटर रन' द्या.

एनडीकेच्या फोल्डरात 'सोर्स डॉट प्रॉपर्टीज' फाइल नाही, अशी तक्रार आली तर एनडीके अर्धं उतरलंय. एसडीकेच्या फोल्डरात 'एनडीके' आहे, त्यात एररमध्ये लिहिलेल्या आकड्याचा फोल्डर. तोच उडवा, बाकी काही नको.

दोन्ही ठिकाणी नेमका फोल्डर उडवला की काम झालं. अख्खं अँड्रॉइड स्टुडिओ काढून परत टाकायला पुन्हा तेवढाच डेटा जातो, आणि दिवसाला दीड-दोन जीबीच्या पॅकवर असलेल्या माणसाला ते परवडत नाही.

दुसरी कुठलीही एरर आली तर पान खाली नेत बसू नका, वर जा आणि 'व्हॉट वेंट राँग' ही ओळ शोधा. खरं कारण तिच्या खालच्या दोन-चार ओळींत असतं. त्याखालचा सगळा पसारा नवख्यानं वाचायचा नसतो.

पायरी ५ : पीस

फोनवर निळ्या-जांभळ्या रंगाचं छोटं अ‍ॅप उघडलं, मध्ये शून्य, खाली अधिकचं बटण. बटण दाबलं की आकडा वाढतो. पोरं इथं टाळ्या वाजवतात. थांबा. हे अ‍ॅप फ्लटरवाल्यांचं आहे, तुमचं नाही. तुम्ही केलेला बदल लॅपटॉपवरून फोनपर्यंत पोहोचतो का, ते अजून बघायचंय.

'लिब' फोल्डरातली 'मेन डॉट डार्ट' उघडा. बटण किती वेळा दाबलं ते सांगणारं एक इंग्रजी वाक्य आहे. ते पुसून तिथं मराठी टाका, आणि जोडाक्षरं मुद्दाम टाका : 'श्रीक्षेत्र यल्लम्मा, दुसऱ्या फेरीत एकूण'. त्याच्या शेजारी शेजारच्यांना विचारून एक कन्नड ओळही टाका. इथं अ‍ॅप बनवणार आणि ते फक्त एकाच भाषेत नीट दिसणार, असं चालायचं नाही. दुकानाचं बिल असो की दूध डेअरीची वही, बेळगावात दोन्ही लिप्या लागतातच. फाइल सेव्ह करा, टर्मिनलमध्ये या आणि लहान 'आर' दाबा.

एकदोन सेकंदांत फोनवरची ओळ बदलली पाहिजे. हे हॉट रीलोड. अक्षरं नीट बघा : 'ऱ्या' तुटला का, 'श्री' सुटा झाला का, कन्नडच्या जागी चौकोन आले का. प्रश्नचिन्हं किंवा भलतीच अक्षरं आली तर एडिटरनं फाइल यूटीएफ आठमध्ये (सगळ्या लिप्या सांभाळणाऱ्या पद्धतीत) सेव्ह केलेली नाही. व्हीएस कोडच्या खालच्या पट्टीवर ते लिहिलेलं असतं, तिथंच बदलता येतं.

आता आणखी एक. त्याच फाइलमध्ये मोजणीचा आकडा शून्यापासून सुरू होतो असं लिहिलेली ओळ आहे. शून्याचा पाच करा, सेव्ह करा, लहान 'आर' दाबा. फोनवर काहीच बदलणार नाही! दर रविवारी कुणीतरी इथं "बिघडलं" म्हणून ओरडतं. बिघडलेलं नाही. हॉट रीलोड नवा कोड चढवतो, पण चालू अ‍ॅपच्या पोटातली माहिती तशीच ठेवतो, आणि मोजणी तर आधीच सुरू झालेली. आता कॅपिटल 'आर' दाबा. अ‍ॅप नव्यानं सुरू होईल आणि पाच दिसेल. हा फरक पहिल्याच दिवशी डोळ्यांनी बघून ठेवला की पुढचे कित्येक तास वाचतात.

बाहेर पडायला 'क्यू'.

पायरी ६ : टेस्ट, मुद्दाम पाडून

प्रोजेक्टबरोबर एक तयार चाचणी येते. 'फ्लटर टेस्ट' द्या. तुम्ही आकडा पाच करून ठेवलाय, म्हणून ती फेल झाली पाहिजे. ती चाचणी सुरुवातीला पडद्यावर शून्य शोधते, बटण दाबते आणि एक शोधते. मराठी वाक्याशी तिला देणंघेणं नाही. फेल झाली, छान. आता पाचाचा परत शून्य करा आणि पुन्हा चालवा. 'ऑल टेस्ट्स पास्ड' आलं की चाचणी खरंच काहीतरी बघतेय हे कळलं.

पायरी ७ : नेट बंद करून

ही पायरी इंग्रजी गाइडमध्ये नसते. बेंगळूरुत बसलेल्यांना तिची गरज नसेल, आपल्याला आहे. वडगावात फायबरवर सगळं चालतं, पोरगं शनिवारी खानापूरच्या पुढं गावी जातं, रेंज एका काडीवर, आणि फोन येतो : "दादा, तुमच्याकडं चालत होतं की."

म्हणून शहरात असतानाच दोन कामं करा. 'फ्लटर बिल्ड एपीके' एकदा पूर्ण होऊ द्या. ही रिलीज, म्हणजे लोकांना द्यायची प्रत असते आणि तिला लागणाऱ्या फाइली डीबगपेक्षा, म्हणजे आतापर्यंत चालवलेल्या तपासणीच्या प्रतीपेक्षा, वेगळ्या असतात. डीबग शंभर वेळा चाललं असेल तरी रिलीजचं सामान पहिल्या रिलीज बिल्डलाच उतरतं. दुसरं, पुढच्या धड्यांत जी पॅकेजं लागणार आहेत ती आजच प्रोजेक्टमध्ये टाकून एकदा बिल्ड करा, म्हणजे ती साठ्यात येतात.

मग लॅपटॉपचं वायफाय बंद करा, केबल लावा, 'फ्लटर रन'. चाललं पाहिजे. 'फ्लटर क्रिएट डॅश डॅश ऑफलाइन' देऊन नवा प्रोजेक्टही बनवून बघा. तोही फोनवर उघडला तर लॅपटॉप गावी न्यायला मोकळे. गावी असताना 'फ्लटर अपग्रेड' मात्र चुकूनही देऊ नका. नवी आवृत्ती आली की ती नवं सामान मागते आणि तुम्ही आमराईत फोन उंच धरून उभे.

रिलीज प्रतीबद्दल एक सापळा जाता जाता सांगतो. तुमचं अ‍ॅप नेटवरून काही आणत असेल तर डीबगमध्ये ते झकास चालेल आणि रिलीजमध्ये गप्प बसेल. फ्लटरच्या तयार साच्यात इंटरनेटची परवानगी डीबग आणि प्रोफाइलच्या मॅनिफेस्टमध्ये (परवानग्या लिहायच्या फाइलमध्ये) असते, मुख्य मॅनिफेस्टमध्ये नसते. ती ओळ हातानं टाकावी लागते. 'फ्लटर रन डॅश डॅश रिलीज' देऊन एकदा फोनवर बघून घ्या.

पायरी ८ : चालतंय तोवर लिहून ठेवा

सगळं चाललं त्या दिवशी 'फ्लटर डॉक्टर डॅश व्ही'चं सगळं उत्तर कॉपी करून एका टेक्स्ट फाइलमध्ये टाका, फाइलच्या नावात तारीख लिहा. पुढं कधी बिघडलं की नवं उत्तर शेजारी ठेवून बघायचं : जावा बदलला का, फ्लटर बदललं का, एसडीकेचा पत्ता बदलला का. बहुतेक वेळा त्या दोन फाइलींतला फरक म्हणजेच उत्तर असतं.

आणि मदत मागताना पडद्याचा तिरका फोटो पाठवू नका. अर्धा पडदा, त्यावर ट्यूबलाइटचं प्रतिबिंब, आणि नेमकी 'व्हॉट वेंट राँग'ची ओळ कापलेली, असे फोटो माझ्या फोनमध्ये ढिगानं आहेत. टर्मिनलमधला मजकूर निवडायचा, कॉपी करायचा, मेसेजमध्ये पेस्ट करायचा. त्याखाली तीन ओळी : मी काय दिलं, काय व्हायला हवं होतं, काय झालं. नंदगडच्या त्या मुलीचा परवा असाच मेसेज आला, नीट तीन ओळींचा. मी उत्तर टाइप करायला घेतलं तोवर तिचा दुसरा आला : "राहू दे दादा, लिहिता लिहिताच सापडलं. केबल सैल होती."